विश्लेषण : युद्ध थांबल्यावर दारूगोळा कारखान्यातील कामगारांचे काय होते?

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या आयुध निर्माणीत कामगारांच्या रजा रद्द करण्यात आल्या. दारूगोळ्याची मागणी वाढते तेव्हा माणसे कमी पडतात आणि मागणी ओसरली की तीच माणसे जास्त वाटू लागतात. पूर्वी अशा वेळी ‘कामगार कपात’ जाहीर होई. आता ती जाहीर न करताही मनुष्यबळ कमी करता येते. ते कसे?

मागणी इतकी का बदलते?

शांततेच्या काळात सैन्याला सरावापुरता आणि राखीव साठ्यापुरता दारूगोळा लागतो. युद्धात वर्षाचा साठा काही आठवड्यांत संपू शकतो, त्यामुळे कारखाने दोन-तीन पाळ्यांत चालवावे लागतात. साठा पुन्हा भरला की मागणी खाली येते. दारूगोळ्याला वापराची मुदत असते, म्हणून तो करून अमर्याद साठवताही येत नाही.

पूर्वीच्या युद्धांनंतर काय झाले?

पहिल्या महायुद्धात लंडनमधील वूलविच शस्त्रागारात सुमारे ८० हजार कामगार होते. युद्ध संपल्यावर बेकारी टाळण्यासाठी तिथे रेल्वे इंजिनांचे काम देण्यात आले, तरीही बहुतेकांची नोकरी वाचली नाही. भारतातही दुसऱ्या महायुद्धासाठी फुगवलेले मनुष्यबळ १९४५ नंतर घटले. पन्नाशीच्या दशकात आयुध निर्माण्यांना नागरी वस्तूंची कामे देण्यात आली. मात्र १९६२ च्या चीन युद्धानंतर ‘शस्त्रांऐवजी कॉफी पर्कोलेटर बनवत होते’ अशी टीका झाली. त्यानंतरच्या विस्तारात वरणगाव, अंबाझरी, भंडारा आणि चांदा येथील कारखाने उभे राहिले.

२०२१ मध्ये काय बदलले?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले. ४१ कारखाने आणि सुमारे ७० हजार कर्मचारी सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. दारूगोळ्याचे १२ कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आले. या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे. खडकीचा १८६९ सालचा कारखाना, देहू रोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा हे सारे तिच्याकडेच आहेत. जुने कर्मचारी प्रतिनियुक्तीवर मानले गेले आणि त्यांच्या सेवाशर्ती कायम राहिल्या. मात्र पूर्वी निर्माण्या संरक्षण खात्याचा भाग होत्या. आता कंपनीला ऑर्डर मिळवून ताळेबंद सांभाळावा लागतो.

मग धोका कोणाला?

नव्याने आलेल्यांना. चांदा, भंडारा, देहू रोड अशा कारखान्यांनी ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ या पदावर मुदतीची भरती केली. नेमणूक आधी एका वर्षाची आणि वाढवत जास्तीत जास्त चार वर्षांची. स्फोटके हाताळण्याचे जोखमीचे काम या पदावर असते. जानेवारी २०२५ मध्ये भंडारा येथील निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, तेव्हा ही जोखीम साऱ्या राज्याने पाहिली.

कायद्याचे संरक्षण किती?

कायम कामगाराची कपात करायची तर नोटीस द्यावी लागते. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाईही द्यावी लागते. कराराची मुदत संपून काम गेले तर मात्र ती कायद्याच्या भाषेत कपात ठरत नाही. ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. नव्या संहितांनुसार मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, हा फायदा आहे. पण मागणी घटल्यावर कंपनीने करार न वाढवल्यास किती जणांची रोजी गेली, हे कपातीच्या आकड्यात दिसणार नाही.

पर्याय काय?

हंगामी काम सांभाळण्याची एक पद्धत महाराष्ट्राला परिचित आहे. सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात गाळप वर्षातून काही महिनेच चालते. तरीही या उद्योगात हंगामी कामगाराचे नाव पटावर राहते, बंद काळात त्याला ‘रिटेन्शन अलाउन्स’ मिळतो आणि पुढच्या हंगामात तोच कामगार पुन्हा येतो. कुशल माणूस टिकवण्याचा खर्च उद्योगाने उचलावा, हे यामागचे तत्त्व.

दारूगोळ्याचा ‘हंगाम’ कधी येईल हे कॅलेंडर सांगत नाही, त्यामुळे तीच पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण प्रशिक्षित कामगारांची राखीव यादी, ठरावीक मानधन आणि भरतीत प्राधान्य एवढे तरी शक्य आहे. स्फोटके सुरक्षित हाताळणे चार दिवसांत शिकता येत नाही. आज घरी पाठवलेला अनुभवी कामगार पुढच्या युद्धाच्या वेळी मिळाला नाही, तर नवख्या हातांनी पाळ्या वाढवाव्या लागतील. सैन्यासाठी दारूगोळ्याचा राखीव साठा ठेवला जातो. तो बनवणाऱ्या माणसांचा मात्र असा साठा अजून कोणी ठेवलेला नाही.