उणे सात अंशांची वाट पाहणारी द्राक्षे

युरोपात २०१९-२० चा हिवाळा तोपर्यंतच्या नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. ‘कोपर्निकस’ या युरोपीय हवामान सेवेच्या मोजणीनुसार त्या हिवाळ्याचे तापमान १९८१ ते २०१० या काळाच्या सरासरीपेक्षा तब्बल ३.४ अंशांनी जास्त होते. त्या हिवाळ्याच्या अखेरीस, १ मार्च २०२० रोजी, जर्मन वाइन इन्स्टिट्यूटने एक छोटेसे निवेदन काढले. देशातल्या तेराही द्राक्षप्रदेशांत त्या हंगामाची ‘आइसवाइन’ची तोडणी होऊ शकली नाही, असे त्यात म्हटले होते. पाऱ्याने उणे सात अंश गाठलेच नव्हते. संपूर्ण देशात एकही आइसवाइन झाली नाही, असे जर्मनीच्या द्राक्षशेतीत पहिल्यांदाच घडले. पाठोपाठ आलेल्या महामारीत ती बातमी विरून गेली. पण हवामानबदल मोजण्याचे इतके सोपे आणि चोख साधन क्वचितच सापडते.

आइसवाइन म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांपासून केलेली गोड वाइन. जेवणानंतर गोडाबरोबर, किंवा गोडाऐवजी, ती अगदी थोडी घेतात. जर्मनीत तिला ‘आइसवाइन’ म्हणतात आणि कॅनडानेही तेच नाव इंग्रजी करून उचलले. बाकीची द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवली, की काही ओळींवरचे घड तसेच राखून ठेवायचे, वर जाळी टाकायची आणि थंडीची वाट पाहायची. ती थंडी डिसेंबरात येईल, जानेवारीत येईल, कदाचित फेब्रुवारीत. आली की मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, कपाळाला दिवे बांधून, गोठलेले घड तोडायचे आणि सूर्य वर येण्याआधी, ते कडक असतानाच दाबायचे.

या प्रकाराची सुरुवात योजनेतून झालेली नाही. जर्मनीत सांगितली जाते ती गोष्ट बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइम गावची. १८२९ सालचे पीक इतके सुमार होते, की शेतकऱ्यांनी काही घड वेलीवरच सोडून दिले. पुढे फेब्रुवारी १८३० मध्ये, कडाक्याच्या थंडीत, ते गुरांना घालावेत म्हणून काढायला गेले, तेव्हा गोठलेल्या मण्यांतून निघणारा रस विलक्षण गोड असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतरही दीड शतक ही वाइन योगायोगाचीच राहिली. जर्मन कायद्याने तिला स्वतंत्र दर्जा दिला तो १९८२ मध्ये.

रस गोड का होतो, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेबाहेर मिळणारी, प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची ‘पेप्सी’ ज्याने चोखली आहे त्याला ते ठाऊक असते. पहिल्या दोन-चार घोटांत सगळा रंग आणि सगळी गोडी तोंडात येते आणि नळीत उरतो पांढरा, बेचव बर्फ. पाणी गोठताना त्याचे स्फटिक साखरेला आत घेत नाहीत, बाहेर ढकलतात. द्राक्षाच्या मण्यात हेच होते. पाण्याचा मोठा भाग बर्फ होऊन अडकतो आणि साखर, आम्ल व सुगंधी द्रव्ये उरलेल्या थोड्या द्रवात दाटतात. घड दाबला, की बर्फ मागे राहतो आणि मधासारखा रस थेंबाथेंबाने बाहेर येतो. गुऱ्हाळात उसाच्या रसातले पाणी आच देऊन उडवतात, इथे ते थंडीने जागच्या जागी बांधून ठेवले जाते. फरक इतकाच, की आच लागली की रसाचा रंग, वास, चव सगळेच बदलते. थंडी फळाच्या वासाला धक्का लावत नाही.

‘उणे सात’ हा आकडा कुठून आला, याचेही उत्तर इथेच आहे. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. २२ टक्के साखर असलेला द्राक्षाचा रस सुमारे उणे तीन अंशांपर्यंत द्रवच राहतो. त्याखाली पाण्याचे स्फटिक धरू लागतात, उरलेला रस अधिक गोड होतो, आणि तो अधिक गोड झाला म्हणूनच पुढचे पाणी गोठायला आणखी थंडी लागते. म्हणजे मण्याचे तापमान कळले, की आतल्या रसाची गोडी जवळपास कळते. उणे सात-आठ अंशांच्या आसपास ती ३५ टक्क्यांच्या पुढे जाते. नाशिकचा बागायतदार ज्याला ‘ब्रिक्स’ म्हणतो, त्याच मापात कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने आइसवाइनच्या रसाची किमान गोडी ३५ ठरवली आहे आणि तोडणीचे तापमान उणे ८ किंवा त्याहून कमी. जर्मनीत घड तोडताना आणि दाबताना गोठलेले असले पाहिजेत आणि रसात ठरलेली साखर उतरली पाहिजे. व्यवहारात त्याचा अर्थ उणे सात. हा आकडा सरकारी लहर नाही, तो रसायनशास्त्राने घालून दिलेला आहे. पारा फारच उतरला तरी पंचाईत असते. मणी गोट्यांसारखे टणक होतात आणि दाबयंत्रातून रस निघतच नाही.

मिळतो तोही किती? नेहमीच्या तोडणीत जेवढा रस निघाला असता, त्याच्या साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. इतक्या गोड रसात यीस्टचाही जीव मेटाकुटीला येतो. बाहेरची दाट साखर पेशीतले पाणी ओढून घेऊ लागते, तेव्हा तग धरण्यासाठी यीस्ट ग्लिसरॉल बनवते आणि सोबत थोडे अॅसिटिक आम्लही. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठात या ताणाचा बराच अभ्यास झाला आहे. किण्वन रेंगाळत चालते आणि सगळी साखर संपायच्या आतच थांबते. म्हणून अल्कोहोल साधारण १० टक्क्यांच्या आसपास राहते आणि साखर मात्र लीटरला १५० ते २५० ग्रॅम शिल्लक उरते. कोलाच्या लीटरमध्ये ती सुमारे १०६ ग्रॅम असते. तरी ही वाइन पाकासारखी मिट्ट लागत नाही, कारण साखरेबरोबर आम्लही दाटलेले असते. लोणच्यात गुळाला जसे लिंबू लागते, तसे ते काम करते.

‘वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य अजूनही सहज फेकले जाते, त्यामुळे इथे थोडे थांबायला हवे. साठ मिलीलीटरच्या छोट्या पेल्यात सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर जाते. मधुमेह्याने हा हिशेब विसरता कामा नये. अल्कोहोलचे प्रमाण कमी असले तरी ते अल्कोहोलच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९८८ मध्येच पहिल्या गटातील कर्ककारकांत टाकले आणि जानेवारी २०२३ मध्ये या संघटनेने, आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्ट म्हटले. ‘नैसर्गिक’, ‘वेलीवरची’ या विशेषणांनी त्यात काही बदलत नाही.

आता पुन्हा हवामानाकडे. जर्मन वाइन इन्स्टिट्यूटने २०२० च्या त्या निवेदनात आधीच्या वर्षांचीही आठवण करून दिली होती. २०१७ च्या हंगामात अवघ्या सात उत्पादकांना आणि २०१३ च्या हंगामात पाचच जणांना आइसवाइन साधली होती. चांगल्या वर्षीही देशाच्या एकूण वाइनमध्ये तिचा वाटा हजारात एक इतकाच, त्यामुळे कुणाचे दिवाळे निघाले असे नाही. पण या आकड्यांमागे जे घडते आहे ते केवळ ‘थंडी कमी पडते’ एवढ्याने सांगता येत नाही. उन्हाळे तापल्यामुळे द्राक्षे पूर्वीपेक्षा लवकर पिकू लागली आहेत. म्हणजे फळ आधी तयार आणि थंडी उशिरा. वाट पाहण्याचा काळ दोन्ही टोकांनी ताणला गेला आहे. पिकलेला घड दोन महिने टिकवणे एक गोष्ट आणि दमट, कोमट नोव्हेंबर-डिसेंबरातून तो चार महिने टिकवणे दुसरी. बुरशी, पाऊस, वारा, पक्षी आणि रानडुकरे प्रत्येक जण आपला वाटा उचलतो. रात्र शेवटी उणे सातला पोचली, तरी तोवर तोडण्याजोगे काही उरलेले असेलच याची खात्री नाही.

पक्ष्यांचा धडा कॅनडाने पहिल्याच प्रयत्नात घेतला होता. १९८३ मध्ये नायगाराच्या परिसरात ‘इनिस्किलिन’चे कार्ल कायझर आणि डोनाल्ड झिराल्डो यांनी राखून ठेवलेली द्राक्षे पक्ष्यांनी फस्त केली. पुढच्या वर्षी त्यांनी जाळ्या लावल्या आणि १९८४ ची आइसवाइन बाजारात आली. त्याच कंपनीच्या १९८९ च्या वाइनला १९९१ मध्ये फ्रान्समधल्या ‘विनएक्स्पो’त सर्वोच्च सन्मान मिळाला आणि कॅनडा या धंद्यात जर्मनीच्या पुढे निघून गेला. जाड सालीचे ‘विडाल’ हे वाण आणि ओंटारियो सरोवराची शेजारणीसारखी सोबत, ही त्यामागची दोन कारणे. सरोवराच्या पाण्यामुळे तिथला हिवाळा घड गोठवण्याइतका थंड पडतो, पण सहसा वेली मारण्याइतका नाही.

हा ‘सहसा’ महत्त्वाचा आहे. द्राक्षवेलीचे आणि थंडीचे सख्य फार जपून असते. निफाडमध्ये पारा पाच अंशांखाली गेला, की मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. तिथे वेल पानाफळांनी भरलेली असते. कॅनडातली वेल पाने गाळून झोपलेली असते, म्हणून तिला बरीच थंडी सोसते. पण ही सोसण्याची ताकद शरद ऋतूपासून हळूहळू येते आणि मध्येच उबदार आठवडे आले तर उतरते. कॅनडाच्या पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियातल्या ओकानागन खोऱ्यात हेच झाले. २०२३ चा डिसेंबर कोमट गेला आणि जानेवारी २०२४ च्या मध्यावर पारा एकाएकी उणे वीसच्याही खाली कोसळला. कळ्या मेल्या, अनेक ठिकाणी आख्ख्या वेली गेल्या. त्या वर्षी नेहमीच्या पिकाच्या ९७ ते ९९ टक्के घट होईल असा अंदाज तिथल्या वाइन उद्योगाने मांडला आणि प्रांताला बाहेरून द्राक्षे आणून वाइन करण्याची तात्पुरती मुभा द्यावी लागली. सरासरी तापमान वाढते म्हणजे थंडी नाहीशी होते असे नाही. ती बेभरवशाची होते. आइसवाइनला तर ठरावीक मापाची, ठरावीक वेळेची थंडी लागते. जर्मनीत ती आलीच नाही आणि ओकानागनमध्ये नको तितकी आली.

मग डीप फ्रीझर का नको, हा प्रश्न कुणालाही पडेल. पिकलेली द्राक्षे तोडून गोठवा, दाबा, झाले. तसे करणारे आहेतही. कॅलिफोर्नियातल्या ‘बॉनी डून’ने अशा वाइनला सरळ ‘व्हँ द ग्लासिएर’, म्हणजे बर्फपेटीतली वाइन, असेच नाव दिले आणि प्रामाणिकपणाचे श्रेय मिळवले. पण अशा बाटलीवर ‘आइसवाइन’ लिहायला युरोपीय संघ, कॅनडा आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी मनाई आहे. यात परंपरेचा अहंकार थोडा आहेच. तरी केवळ तेवढेच नाही. वेलीवर राहिलेला मणी दोन-तीन महिन्यांत अनेकदा गोठतो आणि वितळतो, सुकतो, तपकिरी पडतो. सुक्या जर्दाळूची, मधाची जी चव या वाइनमध्ये शोधली जाते, ती बरीचशी या हालअपेष्टांतून येते. सप्टेंबरात तोडून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या ताज्या घडाला ते आयुष्यच मिळालेले नसते. साखर तेवढीच भरते, पण चव तीच असेल असे नाही.

नियम सैल करावा, असा दबाव यापुढे वाढला तर नवल नाही. पण उणे सातचे उणे पाच केले, तर रसाची गोडी खरोखरच कमी भरते. कागदावरचा आकडा बदलता येतो, मण्यातल्या पाण्याचा गोठणबिंदू नाही. शिवाय ही वाइन निम्म्या आकाराच्या, ३७५ मिलीलीटरच्या बाटलीत नेहमीच्या वाइनच्या कितीतरी पट दराने विकली जाते, ती याच कडक व्याख्येच्या जोरावर. आशियातल्या बाजारपेठांत, विशेषतः चीनमध्ये, नकली आइसवाइनचा सुळसुळाट झाला तो याच दरामुळे. दुसरीकडे चीनच्या ईशान्येला, लियाओनिंग प्रांतातल्या हुआनरेनमध्ये, त्याच विडाल वाणाची खरीखुरी आइसवाइनही होऊ लागली आहे. तिथे हिवाळा अजून हटकून थंड असतो.

जर्मन उत्पादकापुढे दर नोव्हेंबरात आता एक साधा हिशेब असतो. राखलेले घड आत्ताच उतरवले, तर त्यांची ‘उशिरा तोडणीची’ गोड वाइन होते. दर कमी, पण पैसा हातात. हीच पद्धत नाशिकमध्येही ‘लेट हार्वेस्ट’ नावाने रुळली आहे. घड ठेवले आणि थंडी आली, तर पाचपट कमी रसाला कितीतरी पट दर. ठेवले आणि थंडी आली नाही, तर मार्चमध्ये वेलीवर उरलेल्या काळ्या, कुजक्या घडांचे काहीच होत नाही, आणि छाटणीला उशीर होतो तो वेगळाच.