बाटलीचे पैसे परत कोण देणार?

मार्च २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पिशव्यांच्या गदारोळात तिच्यातली एक तरतूद कुणाच्या फारशी लक्षातच राहिली नाही. पाण्याच्या बाटलीवर एक-दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे डिपॉझिट. रिकामी आणून द्या, पैसे घेऊन जा. तुमच्या दूधवाल्याने कधी दिले पन्नास पैसे? माझ्याने तरी नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ मला ते पटत नाही. कोल्ड्रिंक काचेच्या बाटलीत मिळायचं तेव्हा हेच लोक रिकामी बाटली जिवापाड जपायचे. ती नेली नाही तर वाणी डिपॉझिट ठेवून घ्यायचा, आणि कंपनीचा टेंपो त्याच्याकडून रिकामे क्रेट उचलून न्यायचा. पैसे परत देणारा माणूस गल्लीच्या कोपऱ्यावर बसलेला होता, एवढंच त्यातलं रहस्य.

जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २००३पासून डिपॉझिट आहे. आज ते २५ सेंट आहे आणि जवळपास सगळा माल परत येतो. कारण कायदा दुकानदाराला धरतो. बाटली दुसऱ्या दुकानातून घेतलेली असली तरी मोठ्या दुकानाला ती नाकारता येत नाही. मशीनमध्ये बाटली टाकायची, चिठ्ठी घ्यायची, ती गल्ल्यावर वळती करायची. ज्याला कंटाळा येतो तो बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या शेजारी ठेवतो. कुणीतरी वेचून नेतं. (वेचणारे तिथेही आहेत, त्यांत पेन्शन न पुरणारे म्हातारेही. युरोपची आरती ओवाळणाऱ्यांनी हेही बघावं.)

एवढं लांब जायचीही गरज नाही. निलगिरी जिल्ह्यात २०२२पासून दारूच्या बाटलीमागे दहा रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली दिली की परत करतात. मद्रास उच्च न्यायालयाने रेटा लावला होता, शिवाय दुकानं सरकारचीच, त्यामुळे जबाबदारी ढकलणार कुणावर? गोव्यानेही २०२४मध्ये अशी योजना अधिसूचित केली आहे.

आपल्याकडे मात्र मशीन बसवायची घाई नको. प्लास्टिकच्या बाटल्या आजही कचरावेचकच गोळा करतात आणि भंगारात विकून पोट भरतात. डिपॉझिटवाली बाटली थेट मशीनमध्ये गेली तर पहिला घास त्यांच्याच तोंडचा जाईल. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८पासून दारोदार कचरा उचलते आहे. बाटल्या परत घेण्याची केंद्रं अशा संस्थांकडे द्या, खर्च कंपन्यांकडून वसूल करा, आणि पैसे परत करायला नकार देणाऱ्या दुकानदाराला दंड लावा.