दातांची कीड आणि तालुक्याचे गाव

मराठीत दात ‘किडतो’. जोंधळ्याला कीड लागावी तशी दाताला लागते, ही समजूत या एका क्रियापदात साठवलेली आहे. बाजाराच्या दिवशी निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकून, त्यांचा धूर नळीने रोग्याच्या तोंडात सोडून, खाली पडलेले पांढरे कण ‘किडे’ म्हणून दाखविणारे लोक मराठवाड्यातील जुन्या पिढीला अपरिचित नाहीत. पडत ते बहुधा बियांचेच अंश. पण ठणका घटकाभर थांबे आणि उपचार करणाऱ्याचे पैसे बुडत नसत. युरोपातही शतकानुशतके हाच समज होता. पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात तो खोडून काढला. तरीही भाषा अगदीच चुकली होती असे म्हणता येणार नाही. कीड असते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

ती प्रथम पाहिली एका कापड व्यापाऱ्याने. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक रोज मिठाने दात घाशी. तरी दातांच्या फटींत उरणारा पांढरा थर त्याने खरवडला, स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव पाहिले. १६८३ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. या जीवांचा रोगाशी संबंध लागायला मात्र दोनशे वर्षे जावी लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने उपटलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात उबेला ठेवले. लाळेतील जंतूंनी पिष्ट पदार्थ आंबविले, त्यातून आम्ल झाले आणि दाताचे कठीण आवरण विरघळू लागले. १८९० साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२४ मध्ये लंडनला क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा जंतू वेगळा काढला, आणि १९६० मध्ये पॉल कीज यांनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की, ही कीड एकाकडून दुसऱ्याकडे जाते. माणसांतही बाळाला दात येऊ लागले की हे जंतू बहुधा आईच्याच लाळेतून त्याच्या तोंडी वस्तीला येतात, हे पुढे सिद्ध झाले.

आज मानवी तोंडात आढळणाऱ्या जंतूंच्या सातशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारकच. एखादा जंतू चोरपावलांनी शिरला आणि दात खाऊन गेला, असे हे प्रकरण नाही. गोड पदार्थ तोंडात पडला की काही मिनिटांत दातांवरच्या थरात आम्ल तयार होते आणि ते निवळण्यास अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दिवसभर थोड्या थोड्या अंतराने गोड चहा पिणाऱ्याच्या तोंडात आम्ल सोसणाऱ्या जातींचीच भरभराट होते. सहा-सात कप चहा हा मराठवाड्यात पाहुणचाराचा भाग. त्यात दोष तो काय, असे कोणी म्हणेल. दोष नाही, हिशेब मात्र आहे.

हिरड्यांचे दुखणे याहून मुकाट. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा स्वच्छता सुरू करताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. इतका स्वस्त आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकात विरळाच. पण लो यांचे दुसरे काम सेलूसारख्या गावाच्या दृष्टीने अधिक विचार करायला लावणारे आहे. श्रीलंकेतील चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० मजुरांची त्यांनी १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी केली. या मजुरांना दंतोपचार ठाऊकच नव्हते. सर्वांच्या दातांवर थर आणि कीटण सारखेच. तरी सुमारे आठ टक्क्यांचा रोग झपाट्याने वाढून तरुणपणीच दात पडू लागले, आणि सुमारे अकरा टक्क्यांत तो मुळी पुढे सरकलाच नाही. घाण तीच, परिणाम वेगळा. कोणाच्या तोंडात कोणते जंतू आहेत आणि त्यांना शरीर कसे तोंड देते, हे पाहिल्याखेरीज याचा उलगडा होत नाही. ते पाहण्यासाठी श्रीलंकेत जसे मळ्यात जावे लागले, तसे येथे गावात जावे लागेल.

नेमके तेथेच घोडे अडते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशव्यापी पाहणी केली. बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि ३५ ते ४४ वयाच्या माणसांपैकी ८० टक्के किडीने ग्रासलेले आढळले. पाहणी मोलाची होती. परंतु ती दात तपासून केलेली मोजणी होती. तालुक्याच्या गावातील शेतमजूर स्त्रीच्या तोंडात कोणते जंतू नांदतात, हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता. आणि हा प्रश्न पुस्तकी नव्हे, कारण ही स्त्री टूथपेस्टने दात घाशीत नाही. ती मिसरी लावते. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात स्वच्छ करते या विश्वासाने ती दिवसातून अनेकदा हिरड्यांवर घासली जाते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यालाही आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीपर्यंत यांपैकी कोणतीच बंदी पोचलेली नाही.

तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता नव्याने सांगावयास नको. मात्र त्या रोगात जंतूंचाही काही भाग आहे काय, याचा शोध महाराष्ट्रातच सुरू आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेने २०२२ मध्ये जिभेच्या कर्करोगावरील अभ्यास प्रसिद्ध केला. हिरड्यांच्या रोगात नेहमी आढळणारा ‘फ्यूझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम’ हा जंतू काही गाठींत सापडला, आणि तो जेथे होता तेथे रुग्णाचे भवितव्य अधिक वाईट असल्याचे दिसले. यावरून जंतूच रोगाचे कारण आहे असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. संशोधकांनी संबंध दाखविला आहे, कार्यकारणभाव सिद्ध केलेला नाही. पण हिरड्यांचा रोग आणि मिसरी जेथे एकाच तोंडात भेटतात, तेथे हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार मराठवाड्याचा आहे.

अधिकार आहे, आणि साधनेही अगदीच नाहीत असे नाही. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८२ पासून शासकीय दंतमहाविद्यालय आहे. परभणीतही दंतमहाविद्यालय आहे. देशात अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये असून त्यांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावेच लागतात. त्यासाठी नमुने मिळतात ते बव्हंशी महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे जो रोगी आपल्या पायांनी शहरापर्यंत आला त्याचे. सेलूचा शेतकरी दाढ ठणकू लागली की आधी लवंग धरतो, मग औषधाच्या दुकानातून गोळ्या नेतो, आणि कापसाची वेचणी आटोपल्यावर दाढ काढून मोकळा होतो. त्या दाढेबरोबर तिचा पुरावाही टाकून दिला जातो.

प्रबंधांपैकी थोडे जरी तालुक्यांकडे वळविले तरी चित्र पालटेल. गरोदर स्त्रियांची तपासणी सरकारी रुग्णालयात होतेच. त्याच वेळी त्यांच्या हिरड्या पाहून थराचा नमुना घेण्यास दहा मिनिटे पुरतात. आईचे तोंड सुधारले तर बाळाच्या दुधाच्या दातांना लागणारी कीड लांबविता येते, हा लाभ त्या तपासणीत आपोआप साधेल. जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेतील मुलांची अशीच नोंद सलग पाच वर्षे ठेवता येईल. दंतचिकित्सकाने काढलेल्या प्रत्येक दातापुढे तो किडीने गेला की हिरडीने, आणि रोगी मिसरी लावतो की नाही, एवढे दोन शब्द वहीत लिहावेत. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही, उद्‌घाटनाची तर नाहीच. बर्फाची एक पेटी हवी, आणि नमुने स्वीकारण्याची महाविद्यालयाची तयारी. परतूर-जालन्यावरून संभाजीनगरला जाणारी रेल्वे सेलूत थांबते. सकाळी घेतलेला नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचू शकतो.