पेलेटच्या शेगडीचीं दुखणीं

लाकडाचा भुसा, शेंगांचीं टरफलें, उसाचें चिपाड असल्या टाकाऊ पदार्थांच्या दाबून केलेल्या कांड्यांवर जी पंख्याची शेगडी चालते, तिच्या तक्रारींचा या वेळीं विचार करावयाचें आम्ही योजिलें आहे. बाजारांत या कांड्यांस पेलेट म्हणतात. वाशी-नेरूळच्या घरांत गॅसची नळी ओट्यापर्यंत आली असतां ही शेगडी कोणास हवी, असें कोणी विचारील. परंतु त्याच घरांतील मंडळींची पनवेल-कर्जतकडे एखादी वाडी असते, सुटीला सारें कुटुंब तेथें जमतें, आणि स्नानाच्या पाण्यापासून पिठल्यापर्यंत सारें या शेगडीवर होतें. मग ती कौतुकानें शहरांतल्या घरीं येते. आमच्या लिहिण्याचें खरें कारण हेंच आहे.

ही वस्तु आपल्याकडे अगदीं नवखी नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्यानें घडविलेली 'ऊर्जा' शेगडी बी. पी. या तेलकंपनीनें २००६ सालीं विक्रीस आणली. महाराष्ट्र-कर्नाटकांत तिचा बराच प्रसार झाला, आणि २००९ सालीं तो व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. पुढें कांड्यांचा भाव चढत गेला आणि कित्येक घरांतील शेगड्या माळ्यावर जाऊन बसल्या.

हिची घडण ध्यानांत घेतली म्हणजे निम्मीं दुखणीं आपोआप उलगडतात. कांड्या भरून वरून पेटवावयाच्या; विस्तव हळूहळू खालीं उतरतो. पंख्याची थोडी हवा तळांतून शिरून कांड्यांतून जळाऊ वायु काढते, आणि वरच्या छिद्रांतून येणारी हवा तो वायु जाळते. धूर म्हणजे न जळालेला माल होय. तो दिसला कीं बॅटरी उतरली आहे काय, पंख्याच्या जाळींत केर अडकला आहे काय, हें पाहावें. हौसेनें कांड्या वरच्या छिद्रांच्याही वर भरणें हा तिसरा प्रकार, आणि तोच फार आढळतो. चुलींत लांकूड सारावें तशा जळत्या शेगडींत मूठमूठ कांड्या टाकण्याची संवयही येथें सोडली पाहिजे; नव्या कांड्या नुसत्या धुमसतात.

कोंकणपट्टीच्या दमट हवेंत सर्वांत मोठा शत्रु म्हणजे ओल. चांगली कांडी तुकतुकीत असते, कट्‌दिशी मोडते आणि पाण्यांत टाकली तर बुडते. सर्दावली कीं ती फुगते व तिचा भुगा होतो. तो भुगा तळाचीं छिद्रें बुजवितो. मग पंख्यास दोष देण्यांत काय अर्थ? पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत, जमिनीपासून उंच, आठवड्यापुरत्याच कांड्या ठेवाव्या, आणि भरतांना त्या चाळून घ्याव्या.

राखेचे खडे होतात, ही तक्रार बहुधा कांड्यांच्या जातीवरची असते. लांकडाच्या भुशाची राख थोडी. भाताच्या तुसाची मात्र शेंकडा वीसपर्यंत निघते. तुसाच्या वा पेंढ्याच्या राखेचे कांचेसारखे खडे जमतात. ते दर वेळीं काढून छिद्रें तारेनें मोकळीं करावीं.

आतां शहरांतल्या घराकडे वळूं. ओट्यालगतची लहान बाल्कनी सरकत्या कांचांनी बंद केलेली असते आणि तेथें शेगडी ठेवण्याचा मोह होतो. धूर नाहीं, तेव्हां अपाय नाहीं, असें घरांतील सुशिक्षित माणसेंही म्हणतात. हा समज जीवावर बेतणारा आहे. ज्वाळा संपून नुसते निखारे उरले कीं धूर थांबतो, परंतु कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु त्याच वेळीं विपुल निघत असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं; रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूच्या दोनशेंपट अधिक ओढीनें जखडतो. आणि नेमक्या याच निखाऱ्यांवर दूध आटवावें, ऊब घ्यावी, अशी आपली जुनी रीत! यूरोपांतील पेलेटच्या शेगड्या बंद घरांत चालतात, हें खरें. पण त्यांस धुराडें असतें, आपल्या शेगडीस नसतें.

शेगडी चालूं असतां एकाहून अधिक माणसांचें डोकें दुखूं लागलें, मळमळलें वा भोंवळ आली, तर पित्त म्हणून आलें-लिंबू शोधीत बसूं नये. लहान मुलें, वृद्ध मंडळी आणि गर्भवती यांस प्रथम, व मग सर्वांसच मोकळ्या हवेंत न्यावें. उतार पडला तरी डॉक्टरांस शेगडीची हकीकत स्पष्ट सांगावी, कारण त्यावरून उपचार ठरतो. या वायूची सूचना देणारें लहान यंत्र बाजारांत मिळतें, परंतु तें घेतलें म्हणून बंद खोलींत शेगडी पेटविण्याची मुभा मिळत नाहीं. गच्ची, अंगण, पडवी याच तिच्या जागा.

राखेंत विस्तव बराच वेळ जिवंत राहतो. ती प्लास्टिकच्या बालदींत न टाकतां झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं पूर्ण निवाल्यावरच बाहेर काढावी.