'फेलिसिटेट' म्हणजे काय रे भाऊ?

शुक्रवारी दुपारी एचआरचा मेल येतो. क्वार्टरचे स्टार परफॉर्मर्स साडेपाचला कॅफेटेरियात 'फेलिसिटेट' केले जातील, सर्वांनी हजर राहावं. आपण मनात म्हणतो, चला, समोसे नक्की! पण सीसीमध्ये लंडनचा क्लायंटही असतो. तो मेल वाचतो आणि विचारात पडतो, की या बिचाऱ्यांना नेमकं काय करणार आहेत?

अगदी खरं सांगते, हा शब्द गोऱ्या साहेबाच्या डिक्शनरीत आहे, पण तोंडात नाही. तिकडे तो कडक इस्त्रीचा, कपाटात ठेवलेला शब्द. अर्थ एवढाच, की अभिनंदन करणं. तेही नुसतं शब्दांनी! आपल्याकडे मात्र 'फेलिसिटेट' म्हटलं की स्टेज आलं, माईकचं 'हॅलो हॅलो चेक' आलं, शाल आली, श्रीफळ आलं, आणि फोटोग्राफरसाठी तीच शाल दुसऱ्यांदा पांघरणंही आलं.

हे झालं कसं? सोपं आहे. मराठीत आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द आहेत. अभिनंदन आपण बोलून करतो, लिफ्टमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, चहाच्या टपरीवर. सत्कार मात्र *करावा* लागतो. त्याला चार माणसं लागतात, एक सत्कारमूर्ती लागते. (सत्कारमूर्ती! या शब्दाला इंग्रजीत उत्तर शोधून दाखवा.) इंग्रजीत 'काँग्रॅच्युलेट'ने अभिनंदनाचं काम भागलं. सत्काराची जागा मात्र रिकामी होती. तिथे आपण हा पडून असलेला शब्द उचलला, झाडला, पुसला आणि कामाला लावला. साहेब तिथे साधं 'ऑनर' म्हणतो. आता सांगा, यात चूक काय? मला तर हा मस्त जुगाड वाटतो.

शब्दाचं खानदानही भारी आहे. लॅटिनमधल्या 'फेलिक्स'चा हा वंशज. फेलिक्स म्हणजे सुखी, नशीबवान. हॅरी पॉटरवाल्यांना लगेच क्लिक होईल. २००५ साली आलेल्या सहाव्या पुस्तकातलं ते नशीब उघडणारं औषध, 'फेलिक्स फेलिसिस', ते याच घराण्यातलं. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये रीगन नावाची मुलगी बापाला मस्का मारताना 'फेलिसिटेट' वापरते, पण क्रियापद म्हणून नाही, तर 'सुखी' या अर्थाचं विशेषण म्हणून. फ्रेंच लोक तर आजही अभिनंदन करायला रोज 'फेलिसिते' म्हणतात, त्यांना त्यात काहीच जड वाटत नाही. आणि गंमत म्हणजे 'फेलिक्स'चा मूळ अर्थ होता फळणारा, सुपीक. म्हणजे आपण फेलिसिटेट करताना हातात नारळ देतो, ते रोमनांनाही पटलं असतं!

पण बॉस, दोन ठिकाणी खरंच घसरायला होतं. पहिलं ठिकाण म्हणजे 'फॅसिलिटेट'. त्याचा अर्थ एखादं काम सोपं करणं, सुरळीत पार पाडायला मदत करणं. ट्रेनिंग सेशन फॅसिलिटेट होतं, माणूस नाही. तरी 'आमच्या एमडींना फॅसिलिटेट करण्यात आलं' अशा ओळी दर महिन्याला न्यूजलेटरमध्ये झळकतात. स्पेलचेक इथे वाचवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही स्पेलिंगं बरोबर!

दुसरं ठिकाण जास्त डेंजर. 'प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते' हे आपण सरळ उचलून 'अ‍ॅट द हँड्स ऑफ द चीफ गेस्ट' करतो. इंग्रजीत हा वाक्प्रयोग बहुतेक वेळा मार खाण्यासाठी, छळ सोसण्यासाठी किंवा हरण्यासाठी येतो. म्हणजे क्लायंटच्या डोळ्यासमोर चित्र काय उभं राहतं? प्रमुख पाहुणे स्टेजवर येऊन स्टार परफॉर्मरला बदडतायत! तिथे नुसतं 'बाय' लिहा, विषय संपला.

आता जरा सिरियस. माझ्या ओळखीतला एक मुलगा आहे. सोलापूरचा, मराठी मिडियमचा, कोडिंगमध्ये बाप माणूस. टाऊनहॉलचं अँकरिंग त्याच्याकडे आलं. सगळं छान झालं. शेवटी 'नाऊ वी विल फेलिसिटेट' म्हणाला आणि टीममधला एक कॉन्व्हेंटवाला सगळ्यांदेखत हसला, 'ड्यूड, कोण बोलतं असं?' त्यानंतर दोन महिने हा मुलगा क्लायंट कॉलवर म्यूट. त्याने काढलेले बग दुसरेच लोक समजावून सांगायचे आणि श्रेयही त्यांनाच मिळायचं. अप्रेझलमध्ये रिमार्क काय? 'कम्युनिकेशन इम्प्रूव्ह करा.'

मला या हसणाऱ्यांचा राग येतो. कारण त्या हॉलमध्ये, त्या लोकांसमोर, शाल हातात घेऊन तो शब्द शंभर टक्के बरोबर होता. खाली बसलेल्या प्रत्येकाला तो कळला होता, हसणाऱ्यालाही. साहेबाची पोरं 'काँग्रॅट्स'चा पुढे 'ग्रॅट्स' करतात तेव्हा आपण ते कूल म्हणून कॉपी करतो. मग आपण एका शब्दाला शाल पांघरली तर तो गावठी कसा?

प्रश्न आहे तो फक्त समोर कोण आहे याचा. न्यू जर्सीच्या मॅनेजरला प्रमोशन मिळालं, तर 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर प्रमोशन' लिहा. 'ऑन' लक्षात ठेवा. 'आय फेलिसिटेट यू' लिहिलंत, तर त्याला वाटेल पत्र व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातून आलंय. टीममेटचं लग्न ठरलं, तर ट्रीट मागा, इंग्रजीचं काही काम नाही.

आणि पँट्रीतले काका वीस वर्षं चहा पाजून रिटायर होत असतील, तर प्लीज ग्रुपवर टाळ्यांचा इमोजी टाकून मोकळे होऊ नका. त्यांना घरच्यांसकट बोलवा, पुढच्या रांगेत बसवा, नाव पूर्ण आणि नीट उच्चारा. नोटीस इंग्रजीत असेल, तर तिथे 'फेलिसिटेट'च लिहा. स्पेलिंगमध्ये एफनंतर ई, ए नाही. आणि बुके नको, दुसऱ्या दिवशी सुकतो. शाल द्या, जरा चांगल्यातली.