प्लेट बदलाल तर गाडी बदलेल

जुनी मोटरसायकल 'रिस्टोअर' करायचं खूळ सध्या आपल्या आयटीवाल्यांत जोरात आहे. चांगलंय. शनिवार-रविवार मॉलमध्ये चकरा मारण्यापेक्षा हात काळे केलेले केव्हाही बरे. पण या खुळातली एक गोष्ट मला अजिबात पटत नाही : नेमप्लेट बदलणं.

नंबरप्लेट नव्हे हो! इंजिनवर किंवा सांगाड्यावर रिवेट ठोकून बसवलेली ती बोटभर प्लेट. कंपनीचं नाव, मॉडेल, नंबर. टाकी चमकतेय, क्रोम चमकतंय, मग मधेच ही डागाळलेली प्लेट कशाला? काढा. लेझरनं नवी कोरून घ्या, दोन पॉप रिवेट मारा. झालं!

काय झालं? वाट लागली.

या गाड्या येतात कुठून ते बघा. बारामती-इंदापूरकडे कुणाच्या तरी गोठ्याच्या मागे, वैरणीखाली आजोबांची राजदूत नाहीतर येझदी पडलेली असते. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, म्हणजे यातली सगळ्यात तरुण येझदीसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेली. घरच्यांच्या लेखी ते भंगार. आपण टेम्पो घेऊन जातो, भंगाराच्या भावात उचलतो, वर आरसी बुक मागून घेतो. घरचे देतात बिचारे. त्यांना काय माहीत, की खरा माल ते कागद आहेत.

कारण कागद आणि प्लेट हातात असली, की गाडी कुठलीही चालते. चोरीची असो, तीन गाड्यांचे अवयव जोडून केलेली असो. प्लेट ठोकली की ती 'आजोबांची राजदूत'. आणि तिनं उद्या कुणाला उडवलं तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईला तोच जबाबदार. म्हणजे नोटीस जाणार इंदापूरच्या त्या शेतकऱ्याकडे. तुमचा छंद, त्याचं कर्ज. वा रे वा!

तुम्ही म्हणाल, आम्ही थोडेच चोर आहोत? नसाल हो. पण डेटाबेसमधली प्रायमरी की कुणी 'नीट दिसत नव्हती' म्हणून हातानं बदलली तर आपण त्याला काय म्हणू? हेतू चांगला होता म्हणून प्रॉडक्शनचा ॲक्सेस ठेवू का?

आणि ही लबाडी लपतही नाही. जुन्या प्लेटवरचे आकडे पंच ठेवून हातोडीनं मारलेले. एक जरा तिरका, एक खोल, एक उथळ. लेझरचे सगळे एकसारखे. जुना रिवेट भरीव, पॉप रिवेटच्या मधोमध भोक. क्रँककेसवरचा नंबर घासून काढला तरी पंचाचा दाब खालच्या धातूत उरलेला असतो, आणि फोरेन्सिकवाले ॲसिड लावून तो पुन्हा वाचू शकतात. धातू काही आपल्यासारखा हिस्टरी डिलीट करत नाही!

गंमत म्हणजे, २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये. अट काय? गाडी मूळ रूपात हवी. आणि आपण 'ओरिजिनल' दिसावी म्हणून ओरिजिनल प्लेटच उपटून टाकतोय.

प्लेट वाचताच येत नसेल तर? राहू द्या तशीच. केसच फुटली असेल आणि प्लेट काढावीच लागली, तर आधी फोटो काढा, रिवेटचं डोकं हळू ड्रिल करा, जुनी प्लेट जपून ठेवा आणि आरटीओला कळवून मगच दुसरी केस बसवा. शोभेची नवी प्लेट हवीच असेल तर तिच्यावर ठळक लिहा : 'नक्कल'. लिहायची लाज वाटत असेल, तर लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालवणार असाल तर टेम्पोत चढवण्याआधी ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या घ्या आणि बारामतीच्या आरटीओत स्वतः जाऊन काम पूर्ण करा. फक्त सुटे भाग हवे असतील, तर त्या घरच्यांना सांगा, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नुसतं सांगू नका, अर्ज भरून द्या. एक शनिवार त्यात गेला तरी चालेल.