आसनावरून उठण्याचे बळ



साठी ओलांडल्यावर माणूस आपल्या स्वावलंबनाचा विचार बहुधा निवृत्तिवेतन, ठेवी आणि औषधांचा खर्च यांच्या अनुषंगाने करतो. आयुष्याचा मोठा काळ बँकेच्या सेवेत गेल्यामुळे त्या विचाराचे महत्त्व मी जाणतो. परंतु सामायिक पूर्ण झाल्यावर कोणाचा हात न धरता आसनावरून उठता येणे, मंदिराच्या पायऱ्या चढता येणे, स्नानगृहात एकट्याने जाता येणे, हेही स्वावलंबनच होय. ते पायांच्या स्नायूंवर अवलंबून असते आणि स्नायूंचे पोषण प्रथिनांवर.

वाढत्या वयात होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. शरीर चरबीचा साठा करून ठेवते. प्रथिनांचा असा वेगळा साठा नसतो. आजारपण आले की स्नायू मोडूनच गरज भागविली जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवले होते. प्रौढांसाठी ठरलेल्या प्रमाणात प्रथिने मिळत असूनही त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटला. तापातून उठलेले आजोबा पुढे कित्येक दिवस भिंतीचा आधार का घेतात, याचे उत्तर येथे मिळते.

आता हिशेब पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली. पासष्टीनंतर हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅम असावे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली म्हटले आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या घरातील ज्येष्ठांचे ताट मात्र असे असते: सकाळी चहा आणि दोन खाकरे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात व पातळ वरण, सूर्यास्तापूर्वी वाटीभर मुगाची खिचडी. या सर्वांची बेरीज जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम होते. पोट भरते, पण स्नायूंना निम्मेच मिळते.

ही तूट नियम न मोडता भरून काढता येते. पन्नास ग्रॅम मुगाच्या धिरड्यांतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, पेलाभर तापविलेल्या दुधातून सुमारे ६. दुपारचे वरण घट्ट करून ४० ग्रॅम डाळीचे केले तर ९ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांतून ६ आणि सायंकाळी ५० ग्रॅम पनीर घेतल्यास आणखी ९. एवढ्याने साठी सहज ओलांडते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळ पुरविते. म्हणून वरण-भाताची जोडी योग्यच आहे. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी डाळ आणि कच्चे दही-ताक निरनिराळ्या वेळी घ्यावे. चौविहार व नवकारसी पाळणाऱ्यांचा हिवाळ्यातील रात्रीचा खंड सुमारे १४ तासांचा होतो. त्यामुळे सकाळचा आहार चहा-खाकऱ्यावर निभावणे त्यांना अधिक महाग पडते.

केवळ आहाराने मात्र भागत नाही. बोस्टन येथील एका वृद्धनिवासात सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० दुर्बल व्यक्तींवर झालेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे पायांचा वजनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. व्यायामाविना केवळ पूरक आहार घेणाऱ्यांना लाभ दिसला नाही. घरी करण्याजोगा सोपा व्यायाम म्हणजे हात छातीशी घेऊन खुर्चीवरून उठणे व बसणे. शेजारी कोणी उभे असावे. तीस सेकंदांत ६५ ते ६९ वयोगटातील पुरुषास १२ आणि स्त्रीस ११ वेळा उठता आले नाही, तर पायांची ताकद कमी पडते आहे असे समजावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. ‘म्हातारपणी हलके खावे’ या समजुतीचा भार घरातील वृद्ध स्त्रियांवर अधिक पडतो. सर्वांना वाढून झाल्यावर त्यांच्या वाटीत वरचे पाणी येते, तळाची डाळ संपलेली असते. एरवी त्या तक्रार करीत नाहीत, आणि उपवास-आयंबिलाच्या दिवसांत तर कोणी विचारीतही नाही. तप हा ज्याचा त्याचा संकल्प असतो, त्यात इतरांनी बोलू नये. पण आयंबिलात डाळींना मुभा आहे आणि पारण्यानंतरचे दिवस आपल्या हाती आहेत. तेव्हा सून असो वा मुलगा, वाढताना पळी पातेल्याच्या तळापर्यंत न्यावी आणि पहिली वाटी आईची भरावी.